गौरी-गणपतीच्या तयारीत घरात साप, उदमांजर, मगर: वडोदऱ्यातला दर वर्षीचा त्रास आणि त्यावरचे उपाय

तक्रार ठरलेली असते. वर्षभर काही दिसत नाही, आणि गणपती आठ दिवसांवर आले की माळ्यावर खुडबूड सुरू होते, मोरीत साप निघतो, मागच्या अंगणात घोरपड फिरते, समा-फतेगंज-अकोट्याकडच्या सखल सोसायट्यांमध्ये तर गाडीखाली मगर सापडते. माणसं बोलावली जातात, जनावर नेलं जातं, आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा तेच. जनावर नेल्याने त्या दिवसाची अडचण सुटते. ते ज्या फटीतून आलं ती फट आणि ज्या उंदरामागे आलं तो उंदीर घरातच राहतो, म्हणून दर वर्षी पाहुण्यांच्या आधी हे पाहुणे येतात.

भाद्रपदातच का, याचं उत्तर अर्धं पावसात आहे. जमिनीतली बिळं पाण्याने भरतात, उंदीर कोरड्या जागी चढतात, बेडूक ओट्यापर्यंत येतात, आणि त्यांच्या मागे साप. उरलेलं अर्धं आपल्या तयारीत आहे. वर्षभर न हलवलेला माळा आपण याच दिवसांत उपसतो. धान्य, गूळ, खोबरं, तूप जास्तीचं भरतो. दारं रात्री अकरा-बारापर्यंत उघडी राहतात. दारापाशी, जमिनीलगत दिव्यांच्या माळा सोडतो. त्यांच्यावर किडे, किड्यांवर पाली आणि बेडूक, आणि पाली-बेडकांवर जगणारे साप थेट उंबऱ्याशी. शिवाय घरात दहा-पंधरा माणसं जमिनीवर झोपतात. ही शेवटची गोष्ट सगळ्यात धोक्याची आहे, तिच्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.

माळा उपसताना

दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या लाकडी घरांत माळा म्हणजे कौलांखालची अर्धी खोलीच असते. कारेलीबाग-मांजलपूरच्या बंगल्यांत तो स्वयंपाकघरावरचा सिमेंटचा कप्पा असतो. साप, उंदीर, उदमांजर यांना दोन्ही सारखेच सोयीचे. मखर, गौरींच्या कोठ्या, मुखवट्यांची पेटी, मोठी पातेली, जादा गाद्या सगळं तिथेच, आणि काढायची वेळ येते चतुर्थीच्या आदल्या रात्री, अपुऱ्या उजेडात, घाईघाईत. बहुतेक अपघातांचं मूळ या घाईत असतं.

माळा पिठोरी अमावास्येच्या आतच उतरवा, म्हणजे फट सापडली तर बुजवायला आणि काही निघालं तर माणसं बोलवायला हातात दिवस राहतात. काम सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात करा. दोन माणसं हवीत: एक शिडीवर, एक खाली. चांगली टॉर्च, चार फुटांची काठी, पायात बंद बूट, हातात जाड कातडी हातमोजे. आधी काठीने माळ्याच्या कडेवर आणि सामानावर ठोका आणि पाच मिनिटं थांबा. सापाला हवेतला आवाज फारसा कळत नाही, पण लाकडातून किंवा स्लॅबमधून जाणारी थरथर त्याला बरोबर कळते आणि तो स्वतःच सरकतो. मग पुढच्या बाजूने एकेक वस्तू काढा. दोन वस्तूंच्या मध्ये किंवा मागे, जिथे नजर पोचत नाही, तिथे हात घालू नका. काठीच्या टोकाला आकडा बांधून वस्तू पुढे ओढा.

उतरवलेली वस्तू घरात उघडू नका. गाद्या अंगणात किंवा गच्चीवर नेऊन एका टोकाला धरून उलगडा; गुंडाळलेल्या गादीचं पोकळ मधलं भोक ही कवड्या सापाची आवडती जागा आहे. थर्माकोलचं किंवा पुठ्ठ्याचं मखर आडवं धरून मागून ठोका. कोठ्या पत्र्याच्या असतील तर उलट्या करून आपटा. पातेल्यांची चवड एकदम उचलू नका, वरून एकेक घ्या.

उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा. उंदरांसाठी पिंजरा लावा, भिंतीला चिकटून, आत भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा. या दिवसांत विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर माळ्याच्या सांदीत मरतो आणि वास नेमका गौरीपूजनाच्या दिवशी सुटतो. शिवाय तो खाणारं मांजर किंवा घुबडही मरतं. चिकट पॅडही नकोत. त्यावर पाली आणि छोटे साप अडकतात, आणि अडकलेला बिनविषारी सापसुद्धा सोडवायला गेलेल्या माणसाला चावतो.

साप दिसल्यावर पहिली पाच मिनिटं

एका मोठ्या माणसाने आठ-दहा फुटांवर उभं राहून सापावर नजर ठेवायची. बाकी सगळ्यांनी, विशेषतः मुलं आणि कुत्रा, खोलीबाहेर. घरात उघडणारं दार बंद करून खालच्या फटीत ओला टॉवेल घट्ट कोंबायचा. अंगणाकडचं दार असेल तर ते सताड उघडं ठेवायचं. पुष्कळदा साप निघून जातो आणि काम तिथेच संपतं. नजर हटली आणि साप कपाटामागे गेला, तर पुढचे दोन तास शोधण्यात जातात आणि घरातलं कोणीच रात्री झोपत नाही. म्हणून नजर ठेवणाऱ्याने फोनवर बोलू नये, ते काम दुसऱ्याचं.

फिनाईल, रॉकेल, गरम पाणी ओतू नका, धूर करू नका. त्याने साप घाबरून सर्वांत जवळच्या फटीत घुसतो, आणि ती फट बहुधा ओट्याखाली किंवा देवघरामागे असते. मारायला जाऊ नका. मारताना किंवा पकडताना चावण्याचा धोका वाढतो, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो गुन्हाही आहे.

वनखात्याचा आणि आपल्या भागातल्या साप पकडणाऱ्या स्वयंसेवकांचा नंबर चतुर्थीच्या आधीच मिळवून फ्रीजवर कागदावर लावून ठेवा. फोन ज्याच्याकडे आहे तोच नेमका बाजारात गेलेला असतो. फोनवर तीन गोष्टी सांगायच्या: साप कोणत्या खोलीत आणि कशाखाली आहे, अंदाजे लांबी, अंगावरची नक्षी. समोरचा माणूस गुजराती बोलणारा असेल तर नावं वेगळी पडतात: मण्यारीला तिकडे काळोतरो म्हणतात, घोणशीला खडचितळो, आणि विरोळ्याला डेंडवुं. नाव नक्की माहीत नसेल तर नाव सांगूच नका, वर्णन सांगा.

लांबून ओळखायचं ते एवढं पुरे. धामण लांब, सहा-सात फुटांपर्यंत, पिवळट तपकिरी, चपळ; उंदरामागे येते, बिनविषारी. विरोळा जाडसर, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, पाण्याजवळ. चिडका पण बिनविषारी. नाग फणा काढतो, पण काढेलच असं नाही, म्हणून फणा नाही म्हणजे नाग नाही असं धरू नका. घोणस जाड, तपकिरी, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि डिवचल्यावर कुकरच्या शिट्टीइतका मोठा फुत्कार. फुरसे लहान, खरखरीत, अंग घासून करवतीसारखा आवाज करतं.

घोळ होतो तो विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात. दोघे रात्रीचे, दोघे घरात शिरणारे, दोघांच्या अंगावर आडवे पट्टे. मण्यार चकचकीत काळी किंवा निळसर काळी. पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीने, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्या तपकिरी, पिवळट पांढरे पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे विरत जातात, आणि तो भिंत, खिडकीची जाळी सहज चढतो. रात्री टॉर्चच्या उजेडात हा फरक पैजेवर लावण्यासारखा नाही. पट्टे दिसले की मण्यार समजून वागा.

जमिनीवरच्या गाद्या

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ओळीने गाद्या घालून झोपणं ही सणाची गंमत असते, आणि मण्यारीच्या दंशाला हीच जागा सर्वांत सोयीची. मण्यार रात्री फिरते. पाली, उंदीर, लहान साप यांच्या मागे भिंतीच्या कडेकडेने घरात येते. झोपेत हात किंवा पाय तिच्यावर पडला की चावते. दात इतके बारीक की दुखत नाही, सूज येत नाही, अनेकदा खूणही दिसत नाही. माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो.

पलंग असतील ते मुलांना आणि म्हाताऱ्यांना द्या. पलंग भिंतीपासून फूटभर लांब ओढा, चादर जमिनीला टेकू देऊ नका. जमिनीवर झोपायचंच असेल तर वरच्या मजल्यावर गाद्या घाला. तळमजलाच असेल तर मच्छरदाणी, आणि ती नुसती सोडलेली नव्हे: चारही बाजूंनी वीतभर कापड गादीखाली खोचलेलं. खोचण्याआधी आतून टॉर्च फिरवा. दारापाशी आणि मोरीच्या वाटेवर कोणाची गादी नको. दिवसा गाद्या जमिनीवर गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका. बाकावर किंवा खाटेवर रचा, आणि रात्री घालताना प्रत्येक गादी, उशी, गोधडी झटका. प्रत्येकाच्या उशाशी टॉर्च असावी. रात्री उठणाऱ्याने पाय खाली टेकण्याआधी उजेड पाडायचा, चपला झटकून घालायच्या. डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी सापापासूनही वाचवते, आणि घरातल्या सगळ्या उपायांत तिच्यावर केलेला खर्च सर्वांत कामी येतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. गौरीजेवणाच्या रात्री पुरणपोळी, भजी, सोळा भाज्या होतात, आणि पहाटे चार वाजता कोणी पोट धरून उठलं, उलटी झाली, तर घरातलं प्रत्येक जण म्हणतं, जेवण बाधलं. ओवा देतात, सोडा देतात, पडून राहायला सांगतात. पण जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे कळ येणं हे मण्यारीच्या दंशाचं ओळखीचं पहिलं लक्षण आहे. म्हणून ओवा देण्याआधी दिव्याखाली बसवून चेहरा बघा. पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत का? डोकं न हलवता वर बघायला सांगा. पापण्या वर राहतात की खाली येतात? थुंकी गिळता येते का, बोलणं जड झालं आहे का, एकाचे दोन दिसतात का? यातलं एकही असेल तर खूण शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा आणि निघा. मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू बंद पाडतं, म्हणून जिथे प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत अशा मोठ्या रुग्णालयातच जायचं; शहरात सयाजी रुग्णालय हे त्यातलं एक. चेहरा ठीक दिसला तरी जमिनीवर झोपलेल्या माणसाला घरी ठेवून वाट बघू नका, रुग्णालयात न्या, आणि वाटेत पापण्या बघत राहा.

चावल्याचं लक्षात आलं असेल तर

माणसाला आडवं करा, चालवू नका. चावलेला हात किंवा पाय काठी-पट्टी लावून हलणार नाही असा सैल बांधा. अंगठ्या, बांगड्या, तोडे, पैंजण, जोडवी लगेच काढा. सणात हातभर चुडा असतो आणि घोणशीच्या दंशात सूज इतक्या वेगाने येते की नंतर दागिने कापावे लागतात. वेळ लिहून ठेवा. उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर वळवा.

घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, चोखणं, बर्फ लावणं, झाडपाला चोळणं, मिरची चाखवून बघणं, यातलं काहीही करायचं नाही. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असतं, आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टर लक्षणांवरून आणि रक्ताच्या चाचणीवरून ठरवतात: काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं न हलवता ठेवून ते गोठतं का बघतात. लक्षण नसलं तरी चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात. पूजा आहे म्हणून मध्येच सोडवून आणू नका.

माळ्यावर रात्री पावलं वाजतात

उंदराचा आवाज बारीक आणि तुरुतुरु असतो, दिवेलागणीनंतर लगेच सुरू होतो. रात्री दहाच्या पुढे धप्प-धप्प जड पावलं, आणि पहाटे पुन्हा तीच परतताना, असं असेल तर ते उदमांजर, गुजरातीत वणियर. गच्चीच्या एकाच कोपऱ्यात रोज विष्ठा, तिच्यात चिकूच्या किंवा पपईच्या बिया, आणि माळ्याला सुगंधी तांदूळ शिजल्यासारखा वास, हे पाहिलं की शंका उरत नाही. ते माणसावर येत नाही. फळं, उंदीर, झुरळं खातं. पण माळ्यावर मुततं, आणि पाणी झिरपून सिलिंगवर डाग पडतात.

घाईत भोक बुजवणं ही इथली मोठी चूक. आई बाहेर आणि पिल्लं आत राहिली तर आई कौलं उचकटते आणि पिल्लं माळ्यातच मरतात. एका वेळी दोन ते पाच पिल्लं असतात आणि ती वर्षात केव्हाही होतात, त्यामुळे मोसमावरून अंदाज बांधता येत नाही.

आधी जाण्या-येण्याची वाट शोधा. संशयित भोकासमोर पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर पसरा. पीठ वापरू नका, त्यावर उंदीर येतात. सकाळी ठसे बघा: मांजराच्या पावलात चार बोटं उमटतात, उदमांजराच्या पाच. मग दिवसा माळ्यावर कान देऊन चिवचिव ऐकू येते का बघा. पिल्लं नसतील तर रात्री साडेनऊ-दहाला जनावर बाहेर पडल्यावर भोकात वर्तमानपत्राचा बोळा सैल कोंबा. दोन रात्री बोळा जागचा हलला नाही म्हणजे आत कोणी नाही; मग एक इंची वेल्डमेश जाळी आठ-दहा स्क्रूंनी पक्की बसवा. भोक मुठीएवढं असलं तरी उदमांजर त्यातून जातं, म्हणून छोटं समजून एखादं सोडू नका.

पिल्लं असतील तर माळ्याच्या तोंडाशी दिवसा बल्ब चालू ठेवा आणि बोलका रेडिओ लावा. आई सहसा काही रात्रींत पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. तोवर माळ्यातून खोलीत येणारी वाट तेवढी फळीने बंद करा आणि मखर यंदा दुसरं करा. स्वतः पिंजरा लावणं कायद्यात बसत नाही.

पुन्हा येऊ नये यासाठी छतावर आलेल्या फांद्या सहा फूट मागे छाटा. पावसाळी पाइपला जमिनीपासून पाच फुटांवर दोन फूट रुंदीचा गुळगुळीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा गुंडाळा. त्यावर नखं धरत नाहीत. आणि नैवेद्याची फळं, केळीचे खांब गच्चीवर ठेवू नका.

घोरपड

घोरपड विषारी नसते. तिची पिल्लं, ज्यांना बिसकोब्रा म्हणून लोक घाबरतात, तीही नसतात. कोंडली तर शेपटीचा फटका आणि नखं मात्र चांगलीच लागतात, आणि चावली तर जखम धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागतं. अंगणाचं फाटक उघडं ठेवून अर्धा तास बाजूला व्हा, जाते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पकडू नका, पोत्यात भरू नका. पुन्हा पुन्हा येत असेल तर कंपोस्टचा खड्डा आणि कोंबडीची अंडी बघा. ती त्यासाठी येते.

मगर: नदीकाठचे, नाल्याकाठचे आणि खड्यांच्या गौरी

पावागढच्या डोंगरात उगम पावून विश्वामित्री शहराच्या मधून जाते, आणि त्या पात्रात मगरी वस्तीला आहेत. पाणी चढलं की त्या प्रवाहातून बाजूच्या संथ पाण्यात सरकतात, आणि ते संथ पाणी म्हणजे आपले रस्ते, रिकामे प्लॉट, तळघरं. ३१ जुलै २०१९ च्या पावसात आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात वस्तीतून मगरी काढाव्या लागल्या होत्या. २०२४ चा पूर गणपतीच्या अगदी तोंडावर आला होता, घराघरांत तयारी चालू असताना. पाणी ओसरल्यावर धोका संपत नाही, उलट पुढचे आठ-दहा दिवस मगर भुखी कांससारख्या नाल्यांत किंवा सखल प्लॉटात अडकून राहते. म्हणून आजवा सरोवराची आणि काला घोडा पुलापाशी मोजलेली विश्वामित्रीची पातळी रोज बघा. पातळी चढती असेल तर गाडी बाहेर काढण्याआधी खाली टॉर्च मारा, रात्री अंगणात जायच्या आधी गच्चीवरून उजेड टाका. मगरीचे डोळे लालसर चमकतात.

मगर दिसली तर तीस फूट लांब, फाटक बंद, कुत्रा आत, गर्दी नको, आणि वनखात्याला फोन. दगड मारू नका, दोरी टाकू नका. थोड्या अंतरात मगर माणसापेक्षा वेगाने झेप घेते. दीड वीत लांबीचं पिल्लू दिसलं तरी बादलीत घालू नका, आई जवळपास असू शकते.

पण नेहमीचा धोका पुराचा नाही, काठाचा आहे. ज्या घरांत खड्यांच्या गौरी येतात, तिथे सवाष्ण किंवा मुलगी पाणवठ्यावर जाऊन खडे आणते, खाली बसून, पाण्याकडे वाकून, मागे न बघता, तोंडात चूळ धरून, न बोलता. मगरीची शिकार नेमकी अशीच होते: ती काठाशी गढूळ पाण्यात बुडून असते, वर नाकपुड्या आणि डोळे तेवढे, आणि कडेला वाकलेल्या शरीरावर झेप घेते. पाण्याच्या कडेशी बसून खडे वेचण्याचा रिवाज वडोदऱ्यात नदी, नाला किंवा मगरी असलेल्या तळ्यावर पाळू नका. खडे घरच्या विहिरीपाशी, अंगणातल्या नळापाशी, तुळशीवृंदावनातून घेतात तशी अनेक घरं आहेत आणि त्यांच्या गौरी तितक्याच मानाने येतात. तिसऱ्या दिवशी विसर्जनही तिथेच, बादलीत किंवा महापालिकेच्या कृत्रिम तलावात. मुलांना खडे टाकायला नदीच्या पायऱ्यांवर पाठवू नका. निर्माल्य आणि उरलेलं जेवणही नाल्यात टाकू नका. त्यावर कुत्री, डुकरं, मासे जमतात, आणि त्यांच्यासाठी मगर त्याच जागी थांबायला शिकते.

दूर्वा, मंडप आणि बाकीची कामं

दूर्वा सकाळी उजाडल्यावरच काढा. आधी काठीने गवत हलवा, मग कात्रीने कापा. मुठीने ओढलेल्या गवताखाली फुरसं दिसत नाही. पत्रीची जुडी घरात आणण्याआधी कागदावर झटका. मंडपाची किंवा बागेची नायलॉन जाळी जमिनीवर लोळू देऊ नका, फूटभर वर बांधा, कारण तिच्यात धामण अडकते. अडकली तर ओढू नका. सोडवणाऱ्याला बोलवा, तो धागे कापतो. दारातले दिवे पांढऱ्याऐवजी पिवळे लावा आणि उंबऱ्यापासून लांब, उंचावर. किडे कमी येतात. विटा, नारळाच्या करवंट्या, ताडपत्र्या भिंतीपासून दोन फूट लांब आणि जमिनीपासून फूटभर उंच रचा.

फटी कशा बुजवायच्या

संध्याकाळी घरातले दिवे लावून, दारं बंद करून बाहेर अंधारात फिरा. जिथून उजेड दिसतो तिथून साप येतो. सहा मिलिमीटर, म्हणजे पाव इंच, हे माप धरा: त्यापेक्षा मोठी कोणतीही फट साप किंवा उंदराच्या पिल्लाला पुरते.

दाराखाली रबर किंवा ब्रशची पट्टी स्क्रूने लावा. नुसती चिकटवलेली पावसात सुटते. मोरीत नहाणी ट्रॅप (पाणी साठवून गटाराची वाट बंद ठेवणारं भांडं) नसेल तर बसवून घ्या, आणि वर पाव इंची भोकांची स्टीलची जाळी स्क्रूने आवळा. सैल ठेवलेली जाळी साप डोक्याने उचलतो. पाहुण्यांच्या न्हाणीघरात वर्षभर कोणी जात नसेल तर ट्रॅपमधलं पाणी वाळलेलं असतं आणि गटाराची वाट उघडी होते. आठवड्याला एक तांब्या पाणी ओता. गटाराच्या चेंबरचं झाकण फुटलेलं असेल तर बदला. पाइप भिंतीत शिरतो तिथली गोल फट नुसत्या सिमेंटने भरली तर उंदीर महिन्याभरात कुरतडतो. आधी स्टील वूल घट्ट कोंबा, मग एकास चार सिमेंट-वाळूचा गिलावा करा. जाळीदार विटांच्या झरोक्याला मागून पाव इंची जीआय जाळी. लाकडी घरात तुळई भिंतीत जाते तिथे जाळी तुळईच्या आकाराला कापून खिळ्यांनी ठोका. तिथे सिमेंट टिकत नाही, लाकूड फुगतं-आकसतं.

डांबरगोळ्या, गंधक, लसूण, मीठ, फिनाईलची रेघ, बाजारातली साप पळवणारी पावडर यांनी साप थांबत नाही. कार्बोलिक ॲसिड तर माणसाची कातडी भाजतं आणि मुलं घरात असताना घरी आणूच नये. केवड्याच्या वासाने साप येतो हेही खरं नाही. दाट झाडीत तो आडोशाला बसतो, मग ती केवड्याची असो की घाणेरीची.

विसर्जनानंतर सामान परत माळ्यावर टाकताना पुठ्ठ्याचे खोके वापरू नका, उंदीर त्यातच घर करतो. झाकणाचे प्लास्टिक डबे घ्या. गाद्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. सामान आणि भिंत यांच्यात वीतभर जागा सोडा, म्हणजे पुढच्या वर्षी टॉर्च मारल्यावर मागचं दिसेल. गिलाव्यावर खडूने तारीख लिहा आणि होळीच्या सुमारास एकदा बघून घ्या. उन्हाळ्यात दुरुस्तीला गवंडी सहज मिळतो, श्रावणात मिळत नाही.